उभे जंगल वाळते कसे?

जुन्या घरात तुळईखाली सकाळी पिवळसर पिठी पडलेली दिसली की घरातले म्हातारे माणूस वर बघते आणि म्हणते, "घुण लागलाय." घुण सुपाला लागतो, बांबूच्या शिडीला लागतो, माळ्यावर पडून राहिलेल्या पाटालाही लागतो. हे सगळे लाकूड कधीच मेलेले असते, त्यामुळे त्याचे आपल्याला नवल वाटत नाही. जिवंत झाडालाही कीड लागते. कोकणातल्या आंबा बागायतदाराला भिरूड चांगलीच ठाऊक असते. तिने फांदी वाळते, दुर्लक्ष झाले तर झाडही जाते. पण एका झाडावरून शेजारच्या, तिथून पुढच्या झाडावर असे करत अख्खा डोंगर उभ्या उभ्या वाळून गेला, असे आपल्यापैकी फार कोणी पाहिलेले नसते.

जर्मनीच्या मध्यभागी असलेल्या हार्त्स पर्वतरांगेत नेमके तेच झाले आहे. हानोवर, बर्लिनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथली वाफेच्या इंजिनाची गाडी पाहिली असेल. ती 1,141 मीटर उंचीच्या ब्रोकेन शिखरापर्यंत जाते. रुळांच्या दोन्ही अंगांना राखाडी, सोललेली, बिनपानांची खोडे उभी दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटते की इथे वणवा लागून गेला असावा. पण या वाळण्याशी आगीचा संबंध नाही. ही झाडे स्प्रूसची, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या, सदाहरित सूचिपर्णी वृक्षाची. जर्मन एरोस्पेस सेंटरने उपग्रहचित्रांवरून काढलेल्या हिशेबानुसार जानेवारी 2018 ते एप्रिल 2021 या काळात त्या देशात सुमारे 5 लाख 1 हजार हेक्टर जंगल गेले. एकूण वनक्षेत्राच्या जवळजवळ 5 टक्के, तेही सव्वातीन वर्षांत. वादळ आणि दुष्काळ यांचा त्यात वाटा होताच, पण शेवटचा घाव बहुतेक ठिकाणी इप्स टायपोग्राफस नावाच्या भुंगेऱ्याने घातला. हा भुंगेरा झाडाच्या सालीखाली राहतो, लांबी चार ते साडेपाच मिलिमीटर. अशा किड्यांना इंग्रजीत बार्क बीटल म्हणतात.

तीस-पस्तीस मीटर उंचीचा, शंभर वर्षे थंडीवाऱ्याला पुरून उरलेला वृक्ष आणि पाच मिलिमीटरचा किडा. वृक्ष हरतो कसा, आणि हा किडा युरोपात हजारो वर्षांपासून असताना वृक्ष आताच एवढा का हरतो?

झाड मुकाट मरत नाही

या कुळातल्या भुंगेऱ्यांच्या जगात सुमारे सहा हजार जाती आहेत. त्यातल्या बहुतेक मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या लाकडावर जगतात. जंगलाच्या दृष्टीने ही कामाची मंडळी. पडलेले लाकूड फोडून मातीत मिळवण्याची सुरुवात तीच करतात. धडधाकट झाडाच्या वाटेला जाणाऱ्या जाती अगदी मोजक्या आहेत, आणि त्यांनाही ते सहज जमत नाही.

कारण स्प्रूस किंवा पाइनच्या सालीत आणि लाकडात राळेच्या बारीक नलिकांचे जाळे असते. भुंगेरा साल कुरतडत आत शिरला की एखादी नलिका तुटते आणि दाबाखाली असलेली राळ भोकातून बाहेर येते. ती चिकट असते, शिवाय टर्पेंटाइनच्या वासाची द्रव्ये तिच्यात असतात आणि ती किड्याला विषारी. किडा तिच्यात अडकतो, बुडतो किंवा माघारी फिरतो. हवा लागून राळ घट्ट होते आणि भोक बुजते. निरोगी स्प्रूसच्या खोडावर कधी कधी राळेचा एक पिवळट थेंब वाळलेला दिसतो. तिथे भुंगेऱ्याने प्रयत्न केला होता आणि तो फसला होता, इतकेच त्यातून समजायचे.

राळेचा हा दाब पाण्यावर अवलंबून असतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरलेली असली की कुठल्याही मजल्यावरचा नळ सोडा, पाणी धो धो येते. टाकी तळाला गेली आणि दहा जणांनी एकदम नळ सोडले की कोणाच्याच बादलीत धार पडत नाही. झाडाचेही असेच. मुळांना पाणी मिळत असेल तर नलिकांभोवतीच्या पेशी टम्म फुगलेल्या राहतात आणि राळ जोरात बाहेर ढकलली जाते. जमीन कोरडी पडली की पेशी सैलावतात आणि भोक पडले तरी राळ जेमतेम झिरपते. ऑस्ट्रियातल्या रोझालिया जंगलात शास्त्रज्ञांनी स्प्रूसच्या बुंध्यांभोवती छप्पर घालून पाऊस अडवला आणि झाडांना मुद्दाम तहानलेले ठेवले. त्यांची राळ खरोखरच कमी वाहू लागली.

इथे एक बारकावा आहे, आणि तो बहुतेक बातम्यांतून गळतो. पाण्याची थोडी ओढ बसली तर झाड कमजोर होतेच असे नाही. पाणी कमी झाले की आधी वाढ थांबते, पानांतली साखर मात्र तयार होत राहते. वाढीत न खपलेली ही शिल्लक काही काळ राळेसारख्या संरक्षक द्रव्यांकडे वळू शकते. घात होतो तो तीव्र आणि लागोपाठच्या दुष्काळाने. तेव्हा पाणी वाचवण्यासाठी झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, साखर बनवणेच मंदावते आणि मग राळ बनवायला भांडवलच उरत नाही. मध्य युरोपात 2018, 2019 आणि 2020 असे तीन उन्हाळे पाठोपाठ कोरडे गेले.

नराची हाक

एकटा भुंगेरा निरोगी झाडापुढे टिकत नाही. म्हणून तो एकटा राहत नाही. इप्समध्ये आधी नर येतो. त्याने साल पोखरायला घेतली की राळेतले अल्फा-पायनीन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात जाते. हे खरे तर झाडाचे विष, पण नर त्यातून सिस-व्हर्बेनॉल हे गंधद्रव्य तयार करतो, त्यात स्वतः बनवलेले आणखी एक द्रव्य मिसळते आणि हा गंध वाऱ्यावर जातो. आसपासच्या नर-माद्यांना त्यातून कळते की इथे झाड सापडले आहे. झाडाने बचावासाठी जे बनवले, त्याचेच हत्यार त्याच्यावर उलटते. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत चक्रावून टाकणारा भाग हाच वाटतो.

हाक ऐकून शेकडो भुंगेरे काही दिवसांत एकाच खोडावर उतरतात. प्रत्येक जण वेगळे भोक पाडतो. शंभर ठिकाणी वाहावे लागले की राळ कुठेच पुरत नाही. खोड पुरेसे भरले की आणखी एक गंध वाढू लागतो, व्हर्बेनोन. त्याचा अर्थ आता इथे गर्दी झाली. नंतर आलेले भुंगेरे मग शेजारच्या झाडाकडे वळतात. म्हणूनच अशा जंगलात वाळलेली झाडे पुंजक्यांनी दिसतात.

यात खरा मुद्दा आहे तो उंबरठ्याचा. झाड पाडायला किमान किती भुंगेरे लागतील ही संख्या झाडाच्या ताकदीवर ठरते. धष्टपुष्ट झाडाला काही शेकडो लागतात, तहानेलेल्या झाडाला त्याहून बरेच कमी. उन्मळून पडलेल्या झाडाला प्रतिकारच करता येत नाही, तिथे एखाददुसरी जोडीही संसार थाटू शकते. एरवी जंगलात भुंगेऱ्यांची संख्या उंबरठ्याच्या खूप खाली असते. वादळात पडलेल्या, वीज पडलेल्या, म्हाताऱ्या झाडांवर ते गुजराण करतात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण एखाद्या वर्षी वादळाने हजारो झाडे एकदम आडवी केली की भुंगेऱ्यांना फुकटचे खाद्य मिळते. त्यांची संख्या वाढत जाते आणि एकदा का ती उंबरठा ओलांडून गेली की उभी, हिरवी, निरोगी झाडेही आवाक्यात येतात. तिथून पुढे प्रत्येक मेलेले झाड आणखी भुंगेरे जन्माला घालते आणि साथ स्वतःच्या बळावर चालू राहते.

हार्त्समध्ये हे सगळे एकाच वर्षात जुळून आले. 18 जानेवारी 2018 रोजी फ्रीडरिके नावाचे वादळ मध्य जर्मनीवरून गेले आणि ठिकठिकाणी स्प्रूस आडवे झाले. त्याच वर्षीचा उन्हाळा कोरडा ठणठणीत गेला. भुंगेरे वाढायला वादळाने मदत केली आणि उंबरठा खाली आणण्याचे काम दुष्काळाने केले.

साल सोलून पाहिली तर

लागण झालेल्या खोडावरून हातभर साल उचकटली की आतल्या बाजूला एक नक्षी दिसते. मधोमध एक छोटी खोली, नराने कोरलेली. तिथे दोन-तीन माद्या येतात. प्रत्येक मादी खोलीपासून खोडाच्या उभ्या दिशेने, वर किंवा खाली, सरळ बोगदा खणत जाते आणि त्याच्या दोन्ही भिंतींत थोड्या थोड्या अंतरावर बारीक कोनाडे करून एकेका कोनाड्यात एकेक अंडे ठेवते. अंड्यातून निघालेली अळी मुख्य बोगद्याला काटकोनात, आडवी पोखरत निघते. सुरुवातीला तिचा मार्ग दोऱ्याइतका बारीक असतो. अळी वाढते तसा तो रुंद होत जातो आणि शेवटी एका गोलसर खोलीत संपतो, तिथे ती कोष करते. शेजारशेजारच्या अळ्यांचे मार्ग सहसा एकमेकांना छेदत नाहीत. ही साल वाळवून भिंतीवर टांगावी इतकी देखणी असते, आणि युरोपातल्या निसर्ग-संग्रहालयांत ती मांडलेली असतेही.

देखणेपणाची किंमत मात्र झाडाला मोजावी लागते. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतल्या बाजूलाच असतो, जाडीने जेमतेम काही मिलिमीटर. अळ्या खातात तो हाच थर. शेकडो आडव्या मार्गांनी तो चहूबाजूंनी तुटला की खोडाभोवतीच्या सालीचे कडेच कापून काढल्यासारखे होते आणि मुळे उपाशी पडतात.

भुंगेरे एकटे येत नाहीत, अंगावर बुरशीचे बीजाणू घेऊन येतात. ही बुरशी सालीखालून लाकडात शिरते आणि मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या वाहिन्या निकामी करते. लाकूड कापले तर तिच्यामुळे कडेला निळसर-करडा पट्टा दिसतो. म्हणजे झाडाचे खाली जाणारे अन्न अळ्यांनी तोडले आणि वर येणारे पाणी बुरशीने. जर्मनीतल्या येना शहरातल्या माक्स प्लांक रासायनिक परिस्थितिकी संस्थेतील संशोधकांनी यापुढची गोष्ट दाखवली. राळेतल्या द्रव्यांचे ही बुरशी नव्या गंधांत रूपांतर करते आणि भुंगेऱ्यांना ते गंध ओळखता येतात. कुठल्या झाडात आपली सोबती बुरशी आधीच रुजली आहे हे त्यांना वासावरून कळते.

चौकट: वनरक्षक काय शोधतो?

सुया तांबूस होऊन गळू लागल्यावर झाड ओळखता आले तर काय उपयोग, तोपर्यंत नवी पिढी उडून गेलेली असते. म्हणून वनरक्षक शेंड्याकडे न बघता आधी बुंध्याकडे बघतात. सालीच्या खवल्यांत, बुंध्याशी वाढलेल्या शेवाळावर, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला तपकिरी भुसा ही पहिली खूण. भुसा तपकिरी असेल तर तो सालीचा, पांढरा असेल तर लाकूड पोखरणाऱ्या दुसऱ्या किड्याचा. पावसाची एक सर आली की हा पुरावा वाहून जातो, त्यामुळे शोध कोरड्या दिवसांतच घ्यावा लागतो. दुसरी खूण सुतार पक्ष्याची. अळ्यांसाठी तो साल उडवतो आणि खोडावर फिकट डाग दिसू लागतात. काही देशांत हा भुंगेऱ्याचा गंध ओळखायला शिकवलेले कुत्रेही वापरतात.

खाणीसाठी लावलेले जंगल

हार्त्सच्या उंच माथ्यावर स्प्रूस मुळातलाच आहे. पण खालच्या उतारांवर एके काळी बीच, ओक अशा रुंद पानांच्या झाडांचे राज्य होते. या डोंगरात चांदी, शिसे, तांबे सापडे. गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्ग खाणीत तर हजारावर वर्षे खनिज काढले गेले. बोगद्यांना टेकू लागत आणि भट्ट्यांना कोळसा, त्यामुळे मूळचे जंगल फस्त झाले. मग अठराव्या शतकापासून तिथे स्प्रूसच्या लागवडी होऊ लागल्या, कारण तो झपाट्याने आणि सरळसोट वाढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी भरपाईपोटी उत्तर जर्मनीतले लाकूड तोडून नेले, आणि उघड्या पडलेल्या उतारांवर पुन्हा घाईने स्प्रूसच लावला गेला.

लावणाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे. उपाशी, थंडीने काकडलेल्या देशाला लाकूड हवे होते आणि स्प्रूसची रोपे मिळत होती. पण त्याचा परिणाम असा झाला की हजारो हेक्टरवर एकाच जातीची, एकाच वयाची झाडे उभी राहिली. त्यात स्प्रूसची मुळे उथळ पसरतात, म्हणून वादळात तो आधी पडतो आणि दुष्काळात आधी तहानेने व्याकूळ होतो. बीच किंवा मेपलच्या गर्दीत मधूनमधून स्प्रूस असला तर भुंगेऱ्याला पुढचे झाड शोधत जावे लागते आणि वाटेत इतर झाडांच्या वासाने त्याचा गोंधळही होतो. सलग लागवडीत पुढचे झाड तीन-चार मीटरवरच असते.

557 चा हिशेब

आता तापमानाकडे. किड्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, त्याची वाढ हवामानावर चालते. इप्सची वाढ साधारण 8.3 अंश सेल्सियसच्या खाली थांबते. त्यावर जितके अंश असतील तितके रोज खात्यात जमा होतात, आणि बेरीज सुमारे 557 झाली की अंड्यापासून सुरू झालेली पिढी पूर्ण होते. मध्य युरोपातल्या वनखात्यांचे अंदाज याच हिशेबावर चालतात.

आकडे घालून पाहू. सालीखालचे सरासरी तापमान 16.3 अंश असेल तर रोज 8 अंश जमा होतात आणि पिढीला सुमारे 70 दिवस लागतात. तेच 20.3 असेल तर रोज 12, आणि पिढी साधारण 46 दिवसांत तयार. त्यातून वसंत लवकर आला की उड्डाणही लवकर सुरू होते, कारण हवा साडेसोळा अंशांच्या आसपास तापल्याशिवाय हे भुंगेरे उडतच नाहीत. पूर्वी डोंगराळ भागात वर्षाला एक, सखल भागात दोन पिढ्या होत. 2018 सारख्या वर्षी सखल भागात तिसरीही झाली.

दोनाच्या तीन पिढ्या झाल्या तर भुंगेरे दीडपट होतील असे वरवर वाटते. समजा, एका मादीच्या संततीतून सरासरी दहा माद्या जगून पुढे वंश चालवतात. मग एकीच्या दुसऱ्या पिढीअखेर शंभर होतात आणि तिसरीअखेर हजार. एका जादा पिढीने आकडा दहापट होतो. हा आकडा समजुतीसाठी घेतला आहे, जंगलात शत्रू, पाऊस, उपासमार यांनी तो वर-खाली होतो, पण वाढीची जात अशीच आहे. हवामानबदल यात दोन्हीकडून हात घालतो. उष्णतेने भुंगेऱ्यांची संख्या वर जाते, कोरड्या उन्हाळ्याने झाडाचा उंबरठा खाली येतो.

तिसऱ्या पिढीपुढे एक अडसर मात्र असतो. थंडी पडेपर्यंत ती पूर्ण वाढली नाही तर अळ्या आणि कोष हिवाळ्यात मोठ्या प्रमाणात मरतात. प्रौढ भुंगेरे सालीखाली किंवा पालापाचोळ्यात थंडी काढू शकतात. त्यामुळे शरद ऋतू लांबला तर भुंगेऱ्यांचे फावते.

जिथे थंडीने साथ सोडली

थंडीचा पहारा उठला की काय होते ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दिसले. तिथला भुंगेरा वेगळा, माउंटन पाइन बीटल, आणि त्याचे झाड लॉजपोल पाइन. याच्या अळ्या हिवाळ्याआधी अंगात ग्लिसरॉल साठवतात, म्हणजे रक्त गोठत नाही. तरी ऐन हिवाळ्यात उणे 40 अंशांच्या आसपास थंडी काही दिवस टिकली की बहुतेक मरतात, आणि असे हिवाळे पूर्वी येत. ते विरळ झाले. त्याच सुमारास प्रांतात वयस्क पाइनचे प्रमाण भरमसाट वाढले होते, कारण विसाव्या शतकभर लोकांनी वणवे विझवले होते आणि जाड सालीची जुनी झाडे या भुंगेऱ्याला जास्त मानवतात. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली साथ सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टरवर पसरली. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरेल. विक्रीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून जास्त लाकूड मेले.

2006 च्या उन्हाळ्यात भुंगेऱ्यांचे थवे वाऱ्याबरोबर रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात मोठ्या संख्येने उतरले आणि पुढे जॅक पाइन या त्यांना नव्या असलेल्या जातीतही त्यांनी पिढी वाढवली. जॅक पाइनचा पट्टा कॅनडाच्या पूर्वेपर्यंत जातो, त्यामुळे तिथल्या वनखात्यांची झोप उडाली. वर्नर कुर्झ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 'नेचर'मध्ये मांडले की या साथीने तिथले जंगल कार्बन शोषणाऱ्याचे कार्बन सोडणारे झाले. झाडे कुजली की त्यांतला कार्बन हवेत जातो, हवा आणखी तापते. जर्मनीतही तसेच झाले. 2022 च्या राष्ट्रीय वनगणनेत त्यांच्या जंगलातला कार्बनचा साठा 2017 च्या तुलनेत घटलेला निघाला.

मंडला आणि सांगोला

आपल्याकडे स्प्रूसच्या सलग लागवडी नाहीत, पण उंबरठ्याचे गणित इथेही चालते. मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरी भागातल्या सालवृक्षांत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात साल बोररची मोठी साथ आली होती. 1920 च्या दशकातही अशी मोठी साथ आली होती. हा किडा बार्क बीटलच्या कुळातला नाही, लांब मिशांचा मोठा भुंगेरा आहे आणि त्याची अळी थेट लाकडात शिरते. पावसाळा सुरू होताच भुंगेरे बाहेर पडतात आणि सालच्या ताज्या रसाच्या वासाकडे धावतात. म्हणून एखादे झाड तोडून त्याच्या ओंडक्यांची साल ठेचून ठेवतात. रस प्यायला भुंगेरे गोळा होतात आणि गावकरी ते वेचतात, दर भुंगेऱ्यामागे पैसे मिळतात. युरोपातही स्प्रूस तोडून असेच आमिष ठेवण्याची रीत जुनी आहे.

बार्क बीटलचा सख्खा नातलग महाराष्ट्राने पाहिला तो डाळिंबात. शॉट होल बोरर, काही जण पिन होल बोरर म्हणतात. सांगोला, आटपाडी भागात गेल्या काही वर्षांत अनेकांनी उभ्या बागा उपटल्या, त्यामागे तेल्या आणि मर या रोगांबरोबर हा भुंगेराही होता. तो जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा. खोडाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात आणि भोकातून भुशाच्या बारीक काड्या बाहेर येतात. हा किडा लाकूड खातच नाही. बोगद्याच्या भिंतींवर तो बुरशी वाढवतो आणि तीच त्याचे व पिल्लांचे अन्न. कमजोर झाड तो ओळखतो कसा? मुळे पाण्यात बुडून गुदमरली की झाडात अल्कोहोल तयार होते आणि त्याचा वास या जातीच्या भुंगेऱ्यांना ओढून आणतो. हार्त्समध्ये जे पाण्याच्या टंचाईने झाले ते इथे अतिपावसाने आणि न निचरणाऱ्या जमिनीने होते. शेतकरी खोडाला कीटकनाशक मिसळलेल्या गेरूचा लेप देतात. भुंगेरा आत शिरण्याआधी तो दिला तर उपयोग. एकदा आत गेल्यावर औषध त्याच्यापर्यंत पोहोचणे अवघड, आणि बाग वाफशावर ठेवणे या लेपापेक्षाही महत्त्वाचे.

तोडायचे की सोडायचे

भुंगेरे मारून जंगल वाचेल का? नॉर्वेत 1970 च्या दशकातल्या साथीत तो प्रयोग झाला. 1979 मध्ये गंधाचे आमिष लावलेले सुमारे 6 लाख सापळे लावले आणि अब्जावधी भुंगेरे सापडले. पुढे साथ ओसरली, पण ती सापळ्यांमुळे की हवामान पालटल्याने, यावर अजून एकमत नाही. आज सापळ्यांचा उपयोग मुख्यतः भुंगेरे कधी उडू लागले हे कळण्यासाठी होतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. पडलेली आणि लागण झालेली झाडे नवी पिढी बाहेर पडण्याआधी जंगलाबाहेर न्यायची किंवा जागीच सोलायची. नुसती साल काढली तरी आतल्या अळ्या वाळून मरतात. संख्या उंबरठ्याखाली असेपर्यंत हे लागू पडते. एकदा साथ भडकली की माणसे, यंत्रे, ट्रक, काहीच पुरत नाही. 2018 नंतर मध्य युरोपात इतके लाकूड एकदम बाजारात आले की भाव कोसळले आणि पुष्कळ ओंडके कंटेनरमधून चीनला गेले.

दुसरी वाट बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानाने घेतली. जर्मनीचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान, स्थापना 1970. 1983 च्या वादळात पडलेली झाडे गाभ्यात तशीच ठेवायची, असे तेव्हाचे बव्हेरियाचे वनमंत्री हान्स आयझेनमान यांनी ठरवले. 1990 च्या दशकात भुंगेरे हजारो हेक्टरवर पसरले आणि आसपासचे गावकरी भडकले, रस्त्यावर उतरले. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. ज्या डोंगराकडे बघत तीन पिढ्या वाढल्या तो दहा वर्षांत राखाडी झाला तर कोणाला आवडेल? पण मेलेल्या खोडांच्या आडोशाने नवी रोपे वर आली, कोणी लावल्याशिवाय. आता तिथे वेगवेगळ्या वयांचे दाट जंगल आहे, आणि पोकळ खोडांवर जगणाऱ्या दुर्मीळ बुरशा व कीटक परतले आहेत. खाजगी जंगलाच्या मालकाला हा धीर परवडणारा नाही. म्हणून उद्यानाच्या कडेने एक पट्टा राखतात, तिथे लागण झालेले झाड लगेच तोडतात, म्हणजे शेजाऱ्याचे नुकसान होत नाही.

हार्त्समध्ये आता मेपल, बीच, रोवन यांची मिश्र लागवड चालू आहे. बीचनेही 2018-19 च्या दुष्काळात मार खाल्ला, त्यामुळे तोही खात्रीचा राहिलेला नाही. उत्तर अमेरिकेतला डग्लस फर आणावा का, यावर वनअधिकारी आणि निसर्गप्रेमी यांच्यात जुंपलेली आहे. वनगणनेत स्प्रूसचा वाटा 2012 मधल्या सुमारे 25 टक्क्यांवरून 2022 मध्ये 21 वर आला. मिश्र जंगलाच्या वाटेतली सगळ्यात मोठी धोंड मात्र हरणे आहेत. लांडगे नाहीसे झाल्यावर त्यांची संख्या फार वाढली, आणि त्यांना मेपल, ओक, सिल्व्हर फर यांचे कोवळे कोंब आवडतात, टोचऱ्या स्प्रूसला ती सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण घातले नाही किंवा शिकार वाढवली नाही तर दहा जातींची रोपे लावूनही काही वर्षांनी उरतो तो पुन्हा स्प्रूसच. त्यामुळे जर्मन वनमालकांच्या बैठकांत भुंगेऱ्याइतकीच गरमागरमी शिकारीच्या कोट्यावरून होते.